निवेदन कोणाच्या टेबलावर? ढाबा, लॉज, होमस्टेवाल्यांची मागणी सरकारदरबारी लावून धरताना

ताडोबाच्या गेटजवळच्या मोहर्लीतला होमस्टे असो, चिखलदऱ्यातलं लॉज असो की हायवेवरचा ढाबा, मागण्या बहुतेक खऱ्याच असतात. त्या अडतात चुकीच्या दारात. वीजदर कमी करा म्हणून आमदाराला निवेदन जातं, पण दर ठरवतो महाराष्ट्र वीज नियामक आयोग. त्यामुळे कागद लिहायच्या आधी एवढंच शोधा: या कामावर शेवटची सही कोणाची?

घरपट्टी आणि कचरा ग्रामपंचायतीकडे, अन्न परवाना अन्न व औषध प्रशासनाकडे, परमिट रूम उत्पादन शुल्क विभागाकडे. सफारीच्या गेटचं काम व्याघ्र प्रकल्पाच्या क्षेत्र संचालकांकडे. पर्यटनस्थळाच्या सोयींसाठी निधी हवा तर जिल्हा नियोजन समिती, म्हणजे पालकमंत्री. जीएसटीचा दर तालुक्यातून हलत नाही. तो विषय राज्य पातळीवरच्या संघटनेकडे द्या. जंगलाभोवतीचं पर्यावरण संवेदनशील क्षेत्र केंद्र सरकार ठरवतं. त्याचा मसुदा निघाला की हरकतींना ६० दिवस मिळतात, आणि खरी संधी तेवढीच. ताडोबाची अधिसूचना २०१९ मध्येच निघाली आहे.

दुसरं, कागदावर मिळालेलं पुन्हा मागू नका. राज्याने २०२० मध्ये शासन निर्णय काढून १ एप्रिल २०२१ पासून आदरातिथ्य क्षेत्राला, म्हणजे पर्यटकांच्या राहण्याच्या व्यवसायाला, उद्योगाचा दर्जा दिला. वीजदर, वीज शुल्क, पाणीपट्टी, मालमत्ता कर हे औद्योगिक दराने लावायचं ठरलं. अट पर्यटन संचालनालयाकडच्या नोंदणीची. आपल्या विदर्भासाठी त्याची प्रादेशिक कार्यालयं नागपूर आणि अमरावतीला आहेत. म्हणजे इथे मागणी अंमलबजावणीची करायची, धोरणाची नव्हे. अंमलबजावणीसाठी मंत्रिमंडळाची बैठक लागत नाही, एवढा त्यात फरक.

विजेचं बिल समोर घ्या. दर संकेत पाहा: एलटी-२ म्हणजे वाणिज्यिक, एलटी-५ म्हणजे औद्योगिक. १२ अंकी ग्राहक क्रमांक, मंजूर भार आणि पर्यटन संचालनालयाच्या नोंदणीचं प्रमाणपत्र जोडून महावितरणच्या उपविभागीय कार्यालयात अर्ज द्या. नकार आला तर कारण लेखी मागा. तोंडी ‘वरून आदेश नाहीत’ ऐकून परत येऊ नका. तालुक्यातल्या दहा जणांनी असे अर्ज केले आणि दहा लेखी उत्तरं आली, की संघटनेच्या निवेदनाला वजन येतं. कोणता आदेश कुठल्या टेबलावर अडला, हे त्याच उत्तरांत लिहिलेलं असतं.

निवेदन एका पानाचं आणि एकाच मागणीचं ठेवा. सगळ्यात जास्त निवेदनं इथेच मरतात. चौदा मागण्या एकत्र लिहिल्या की कार्यालय ते सहा विभागांना ‘उचित कार्यवाहीसाठी’ पाठवून मोकळं होतं. विषयात शासन निर्णयाचा क्रमांक आणि दिनांक घाला. सोबत तक्ता जोडा: आस्थापना, खोल्या किंवा टेबलं, गावातले कामगार आणि त्यांतल्या बाया किती, मागच्या १२ महिन्यांचं बिल, औद्योगिक दराने किती झालं असतं. आकडे फुगवू नका. एक खोटा निघाला की बाकीचे नऊही वाया जातात. सही नोंदणीकृत संघटनेची हवी. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली सात जण पुरतात.

गाव सोबत नसेल तर पुढे जाऊ नका. बोअरचं पाणी, सांडपाणी, रात्रीचा डीजे यावरून गावाचा राग असतो आणि तो रास्त असतो. आधी ते मिटवा, मग ग्रामसभेत ठराव घ्या. गणपूर्ती, म्हणजे किमान हजेरी, १५ टक्के मतदार किंवा १००, यातली कमी संख्या. ठराव क्रमांक, सूचक, अनुमोदक आणि शिक्का असलेली प्रत घ्या. मेळघाट, गडचिरोलीसारख्या पेसा गावांत (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा लागू असलेल्या) तर ग्रामसभेचा शब्द आणखी जड.

डिसेंबरचं अधिवेशन नागपुरात भरतं, म्हणून सगळे तेव्हाच धावतात. पण तारांकित प्रश्नाची (ज्याला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात) सूचना त्याच्या बरीच आधी द्यावी लागते, तेव्हा आमदारांना दिवाळीपूर्वी भेटा. प्रश्नाचा मसुदा तुम्हीच लिहून न्या, त्यांच्या स्वीय सहायकाचं काम हलकं होतं. ऐनवेळी लक्षवेधी सूचनेचा, म्हणजे तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधण्याचा, मार्ग उरतो. जिल्हाधिकाऱ्यांचा लोकशाही दिन महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो, पण तो वैयक्तिक तक्रारींसाठी. संघटनेची मागणी तिथे घेत नाहीत, एकट्या लॉजचं अडलेलं काम मात्र घेतात.

भेट म्हणून फुलं चालतील, पाकीट नाही. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणंही गुन्हा आहे, शिक्षा सात वर्षांपर्यंत.

दुसऱ्या प्रतीवर शिक्का, आवक क्रमांक, तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. मंत्र्यांचा ‘तपासून कार्यवाही करावी’ हा शेरा म्हणजे मंजुरी नव्हे, प्रवासाची सुरुवात. त्याची प्रत संबंधित कक्ष अधिकाऱ्यांकडे स्वतः पोचवा. महिनाभरात हालचाल नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा, १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून. ‘आमचं काम का झालं नाही’ असं विचारलं तर उत्तर मिळत नाही. ‘आवक क्रमांक अमुक, त्या निवेदनावरच्या टिपणीची छायांकित प्रत द्यावी’ असं लिहा. ३० दिवसांत प्रत आली की फाईल कोणाच्या टेबलावर किती दिवस होती ते दिसतं, आणि पुढचं निवेदन त्याच पदनामाने लिहिता येतं.