टाकीच्या फ्लोटसाठी लिनक्स ड्रायव्हर कसा लिहावा

ड्रायव्हर म्हणजे हार्डवेअर आणि लिनक्स यांच्यामध्ये बसणारा प्रोग्रॅम. तो लिहायला शिकवणारे बहुतेक धडे 'हॅलो वर्ल्ड' छापून थांबतात. त्यात हार्डवेअर नसतं, इंटरप्ट (हार्डवेअरने प्रोसेसरला दिलेली हाक) नसतो, बिघडायला काही जागाच नसते. म्हणून नव्याने शिकणाऱ्यांच्या हातात मी थेट पाण्याच्या टाकीचा फ्लोट स्विच देते. दोन वायरी आणि आत एक संपर्क: पाणी चढलं की जुळतो, उतरलं की सुटतो. एवढ्याशा वस्तूत ड्रायव्हरचे जवळजवळ सगळे खरे प्रश्न येऊन जातात. त्यांतला सगळ्यात अवघड म्हणजे चालू मशिनमधून ड्रायव्हर सुखरूप काढून घेणं. त्यावर मी जास्त वेळ घालवणार आहे.

आधी एक गोष्ट. घरी फक्त टाकी भरल्याचं कळायला हवं असेल, तर यातलं काहीही लिहू नका. जीपीआयओ म्हणजे प्रोग्रॅममधून वाचता-लिहिता येणाऱ्या पिना; त्यांच्यासाठी जीपीआयओ-कीज हा ड्रायव्हर कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, आधीपासून आहे, आणि लिबजीपीआयओडी ही लायब्ररी वापरून साध्या प्रोग्रॅममधूनही पिन वाचता येते. नवा ड्रायव्हर लिहायच्या आधी कर्नलच्या ड्रायव्हर्स फोल्डरमध्ये ग्रेप (मजकूर शोधणारी कमांड) मारून बघायचं, ही सवय पहिल्या दिवसापासून लावा. आपण इथे लिहितोय ते शिकण्यासाठी. हाच सांगाडा उद्या एखाद्या सेन्सरला लागेल.

बोर्ड रास्पबेरी पाय 4. मोटरच्या सर्किटला जोडलेला फ्लोट अजिबात घेऊ नका, त्यात 230 व्होल्ट असतात. वेगळा, कुठेही न जोडलेला फ्लोट आणा. त्याची एक वायर पिन 9 ला, म्हणजे ग्राउंडला. दुसरी पिन 11 ला, म्हणजे जीपीआयओ 17 ला. पिन 1 वर 3.3 व्होल्ट मिळतात; तिथून पिन 11 पर्यंत 10 किलोओहमचा रेझिस्टर लावा. 5 व्होल्टची पिन इथे कधीच नको, बोर्ड जातो. शिकताना फ्लोट बुडवायला टेबलाशेजारी एक बादली पुरते. पुढे गच्चीपर्यंत लांब वायर न्यायची झाली तर मध्ये ऑप्टोकपलर (प्रकाशातून संकेत पुढे नेऊन दोन सर्किटं वेगळी ठेवणारा भाग) घाला. वळवाच्या पावसात विजा चमकताना त्या वायरीवर काय येईल याचा नेम नसतो.

रास्पबेरी पाय ओएसची 64 बिट आवृत्ती टाका. 32 बिट आवृत्तीत कर्नल 64 बिट आणि बाकी सगळं 32 बिट असं होऊ शकतं, आणि मग मॉड्यूल (चालू कर्नलमध्ये घालता-काढता येणारा तुकडा; आपला ड्रायव्हर असाच असेल) बांधताना कंपायलर जुळत नाही. कर्नलच्या हेडर्सचं, म्हणजे मॉड्यूल बांधायला लागणाऱ्या फाइलींचं, पॅकेज टाका आणि यूनेम -आर ही कमांड चालू कर्नलचा जो आकडा दाखवते त्याच आकड्याचं फोल्डर लिब/मॉड्यूल्समध्ये आहे ना, त्यात बिल्ड नावाची लिंक आहे ना, हे बघा. अपडेट केल्यावर रीबूट केलं नसेल तर चालू कर्नल जुना आणि हेडर्स नवे असतात. अशा वेळी बांधलेलं मॉड्यूल 'इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट' म्हणून परत येतं. रीबूट करा, पुन्हा बांधा.

मेकफाइल, म्हणजे मॉड्यूल कसं बांधायचं ते सांगणारी फाइल, दोन-तीन ओळींची असते. ऑब्ज-एम मध्ये टाकी.ओ लिहायचं, आणि मेकला -सी देऊन त्या बिल्ड फोल्डरमध्ये पाठवायचं, सोबत एम मध्ये आपल्या फोल्डरचा पत्ता. कमांडच्या ओळीआधी टॅबच हवा. स्पेस असेल तर 'मिसिंग सेपरेटर' येतं. नावं मी इथे उच्चाराप्रमाणे लिहिते आहे; टाइप करताना अर्थातच रोमन लिपीत.

आता पिन कशी मागायची. इंटरनेटवरच्या जुन्या उदाहरणांत जीपीआयओ_रिक्वेस्टला सरळ 17 हा आकडा दिलेला असतो. रास्पबेरी पायवर 6.6 कर्नलपासून ते चालत नाही, कारण तिथून क्रमांक 512 पासून सुरू होतात आणि 17 चा 529 झाला. 529 लिहून काम होईल, पण तसं करू नका. आकडा ड्रायव्हरमध्ये नकोच, तो डिव्हाइस ट्रीमध्ये, म्हणजे बोर्डाला काय कुठे जोडलंय ते कर्नलला सांगणाऱ्या वर्णनात, जाऊ दे. त्या वर्णनात भर घालणारी छोटी ओव्हरले फाइल लिहा: त्यात कंपॅटिबल नाव (यावरून कर्नल ड्रायव्हर जुळवतो), आणि 'फ्लोट-जीपीआयओज' या नावाखाली पिन 17, ॲक्टिव्ह लो (पिन शून्य व्होल्टला गेली की 'चालू'). ड्रायव्हरमध्ये डेव्हएम_जीपीआयओडी_गेटला फक्त 'फ्लोट' एवढंच नाव द्यायचं; मागचं '-जीपीआयओज' कर्नल स्वतः जोडतो. पूर्ण नाव दिलंत तर उणे 2 ही एरर येते आणि लोक वायर तपासत बसतात.

डिव्हाइस सापडलं की कर्नल प्रोब फंक्शन बोलावतो. त्यात कामांचा क्रम फार महत्त्वाचा: आधी मेमरी, मग पिन, मग डिलेड वर्क (ठरलेल्या वेळाने चालणारं काम), मग इंटरप्ट आणि सगळ्यात शेवटी मिस्क_रजिस्टर. शेवटच्या पायरीला डेव्ह फोल्डरमध्ये टाकी नावाची फाइल दिसू लागते आणि त्या क्षणापासून कोणीही ती उघडू शकतं. म्हणून बाकीचं सगळं त्याआधी तयार हवं.

इंटरप्ट आला की जे फंक्शन चालतं त्या हँडलरमध्ये झोपता, म्हणजे थांबून वाट बघता, येत नाही. म्युटेक्स (कुलूप) घेतलात किंवा एमस्लीप केलंत तर 'शेड्यूलिंग व्हाइल ॲटॉमिक' अशी ओरड डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या संदेशांत, येते. इथे हँडलरचं काम एकच आहे: मॉड_डिलेड_वर्क बोलावून वर्क 2 सेकंद पुढे ढकलायचं. साध्या बटनाला 50 मिलिसेकंद पुरतात, पण टाकीत पाणी पडत असताना लाटांवर फ्लोट हिंदकळतो आणि संपर्क सतत जुळतो-सुटतो. प्रत्येक वेळी वर्क पुढे ढकललं जातं, पाणी शांत झालं की मगच ते चालतं. ते पिन वाचतं, स्थिती बदलली असेल तर बदलांचा क्रमांक एकाने वाढवतं आणि वेक_अप_इंटरप्टिबलने वाचकाला, म्हणजे आपली फाइल वाचत थांबलेल्या प्रोग्रॅमला, उठवतं.

आपली फाइल कोणी वाचली की रीड फंक्शन चालतं; त्यावर थोडं थांबू. फाइलीतला मजकूर दाखवणारी कॅट ही कमांड रीड पुन्हा पुन्हा बोलावते, शून्य बाइट मिळेपर्यंत. तुम्ही दर वेळी 'भरली' एवढं परत देत राहिलात तर स्क्रीनभर 'भरली'चा पूर येतो. आपल्याला बदल झाला की एकच ओळ हवी आहे. म्हणून उघडलेल्या प्रत्येक फाइलीने शेवटचा पाहिलेला क्रमांक लक्षात ठेवायचा आणि वेट_इव्हेंट_इंटरप्टिबलमध्ये नवा क्रमांक येईपर्यंत झोपायचं. ते शून्याखेरीज काही परत देत असेल तर ईरीस्टार्टसिस ही एरर उणे चिन्हासह परत करा, नाहीतर कंट्रोल-सी दाबूनही कॅट नीट थांबणार नाही. पुढे कॉपी_टू_यूजर, म्हणजे वाचणाऱ्या प्रोग्रॅमला बाइट पोचवणं. ते एरर कोड देत नाही, किती बाइट कॉपी व्हायचे राहिले तो आकडा देतं. तो शून्य नसेल तर ईफॉल्ट ही एरर, तीही उणे, तुम्ही स्वतः परत करायचं. तो आकडा जसाच्या तसा परत केलात तर वाचणाऱ्या प्रोग्रॅमला वाटतं की तेवढे बाइट व्यवस्थित मिळाले.

आता ड्रायव्हर काढणं. डेव्हएमने सुरू होणारी फंक्शन्स घेतलेल्या गोष्टी आपोआप, उलट्या क्रमाने सोडतात. पण हे सोडणं, ड्रायव्हर काढताना बोलावलं जाणारं रिमूव्ह फंक्शन संपल्यानंतर होतं, आणि पुष्कळ ड्रायव्हर इथेच फसतात. समजा रिमूव्हमध्ये तुम्ही कॅन्सल_डिलेड_वर्क_सिंकने वर्क रद्द केलंत. इंटरप्ट डेव्हएमचा असल्यामुळे तो अजून जिवंत आहे. त्या मधल्या क्षणी पाणी हललं, हँडलरने वर्क पुन्हा रांगेत लावलं, मग मेमरी सुटली, मॉड्यूलही गेलं. 2 सेकंदांनी कर्नल ते वर्क चालवायला जातो, तेव्हा त्या पत्त्यावर काहीच नसतं. टेबलावर शंभर वेळा काढा-घाला केलीत तरी हे दिसणार नाही, कारण तेव्हा बादलीतलं पाणी स्थिर असतं.

उपाय क्रमातच आहे. इंटरप्ट मागण्याच्या आधी डेव्हएम_डिलेड_वर्क_ऑटोकॅन्सल वापरून वर्क तयार करा. उलट्या क्रमात आधी इंटरप्ट सुटेल, मग वर्क रद्द होईल, मग मेमरी. रिमूव्हमध्ये फक्त डेव्हमधली फाइल काढणारं मिस्क_डीरजिस्टर उरतं. 6.11 कर्नलपासून आपल्यासारख्या प्लॅटफॉर्म ड्रायव्हरचं रिमूव्ह काहीही परत देत नाही, जुन्या उदाहरणातलं रिटर्न झीरो काढून टाका.

फाइल ऑपरेशन्समध्ये (रीडसारख्या फंक्शन्सच्या यादीत) ओनरला धिस_मॉड्यूल द्यायला विसरू नका. तसं केलं की कोणी कॅट करत बसलेलं असताना मॉड्यूल काढणारा आरएममॉड 'मॉड्यूल इज इन यूज' म्हणून नकार देतो. मात्र सिसएफएसमधल्या, म्हणजे कर्नलच्या सिस फोल्डरमधल्या, ड्रायव्हर सोडवणाऱ्या अनबाइंड फाइलीवर हा पहारा चालत नाही. तिथून ड्रायव्हर सुटला की मेमरी जाते आणि वाचक झोपलेलाच राहतो. याचं पूर्ण उत्तर रेफरन्स मोजण्यात, म्हणजे मेमरी किती जण वापरताहेत याचा हिशेब ठेवण्यात, आहे, पण पहिल्या ड्रायव्हरसाठी सप्रेस_बाइंड_ॲट्र्स खरं करून ती वाट बंद करणं मला योग्य वाटतं.

चाचणी अशी घ्या. एका टर्मिनलवर डीमेसेज -डब्ल्यू चालू ठेवा. दुसऱ्यावर इन्समॉड (मॉड्यूल घालणं), अर्धा सेकंद, आरएममॉड असं लूपमध्ये लावा. आणि हाताने फ्लोट सतत वरखाली करत राहा, हे सोडू नका. क्रम चुकला असेल तर बोर्ड इथे पडेल. ऊप्स, म्हणजे कर्नलने छापलेला चुकीचा अहवाल, म्हणजेच कुठे बिघडलं त्याची नोंद, आली तर घाबरू नका: वरच्या ओळींत फंक्शनचं नाव आणि त्यापुढे ऑफसेट असतो, कर्नलच्या स्क्रिप्ट्स फोल्डरमधलं एफॲडर2लाइन त्यावरून ओळ शोधून देतं. त्यासाठी मॉड्यूल डीबग माहितीसह बांधलेलं हवं.

फ्लोट हलवत असताना लूप शांतपणे चालला, की कोड चेकपॅचमधून (कोडची मांडणी तपासणारी कर्नलची स्क्रिप्ट) काढा आणि डीकेएमएसमध्ये, म्हणजे नव्या कर्नलसाठी मॉड्यूल पुन्हा बांधणाऱ्या साधनात, नोंदवा. डीकेएमएस.कॉन्फमध्ये नाव, आवृत्ती, मॉड्यूल कुठे ठेवायचं तो पत्ता आणि ऑटोइन्स्टॉल यस, एवढं पुरतं. पुढच्या अपडेटला नवा कर्नल आला की हेडर्स जागेवर असताना मॉड्यूल आपोआप बांधलं जाईल, आणि मॉड्यूल_डिव्हाइस_टेबल लिहिलेलं असेल तर बूट होताना ते स्वतःहून लोडही होईल.