खात्री करून घेणारा इंग्रजी प्रश्न अचूक कसा लिहावा

फाइल कायमची पुसण्यापूर्वी पडद्यावर येणारा प्रश्न पुष्कळदा ‘आर यू शुअर टू डिलीट धिस फाइल?’ असा लिहिलेला आढळतो. ‘डिलीट करण्याची खात्री आहे ना?’ हे मनातले मराठी वाक्य शब्दाला शब्द ठेवून इंग्रजीत नेले की ही चूक होते. इंग्रजीत ‘शुअर टू’ने खात्री सांगितली जाते ती बोलणाऱ्याची, ‘शी इज शुअर टू विन’ म्हणजे ती जिंकणारच, मग तिला स्वतःला तसे वाटो वा न वाटो. म्हणून ‘शुअर’नंतर स्वतःचा कर्ता असलेले उपवाक्य लागते: ‘आर यू शुअर यू वॉन्ट टू डिलीट धिस फाइल?’ यातला दुसरा ‘यू’ पुनरुक्ती समजून काही जण गाळतात, पण मग ‘वॉन्ट’ला कर्ताच उरत नाही. ‘शुअर’नंतरचे ‘दॅट’ मात्र खुशाल गाळावे. माझ्या मते ‘डिलीट धिस फाइल?’ एवढेच विचारून खाली ‘यू कान्ट अनडू धिस’ असे बजावणे अधिक चांगले.

नकारार्थी प्रश्न टाळावा. ‘डू यू नॉट वॉन्ट टू सेव्ह?’ असे विचारल्यावर मराठी माणूस ‘हो, नाही करायचे’ या सवयीने ‘येस’ दाबतो, तर इंग्रजीत त्याच नकाराचे उत्तर ‘नो’ असते.

प्रश्न निर्दोष असूनही बटणे घात करतात. ‘कॅन्सल धिस ऑर्डर?’ या प्रश्नाखाली ‘ओके’ आणि ‘कॅन्सल’ असतील, तर ऑर्डर रद्द करू पाहणारा साहजिकच ‘कॅन्सल’ दाबतो आणि ऑर्डर तशीच राहते. वेबपाने चालवणाऱ्या जावास्क्रिप्ट या प्रोग्रॅमिंग भाषेच्या ‘कन्फर्म’ या तयार खिडकीतील बटणांची नावे आपल्याला बदलता येत नाहीत, त्यामुळे अशा ठिकाणी स्वतःची खिडकी करून बटणांवर ‘कॅन्सल ऑर्डर’ आणि ‘कीप ऑर्डर’ असे लिहावे.

संख्येचेही भान हवे. ‘१ फाइल्स’ खटकते आणि ‘फाइल’पुढे कंसात ‘एस’ लिहिणे ही पळवाट आहे, कारण क्रियापदही बदलते: एकासाठी ‘वॉज डिलीटेड’, अनेकांसाठी ‘वेअर डिलीटेड’. इंग्रजीत शून्यालाही अनेकवचनच लागते, त्यामुळे ‘संख्या एकापेक्षा जास्त आहे का’ असे न तपासता ‘संख्या एक आहे का’ असे तपासावे.