जुनी मासेमारीची रिळे: पारख आणि संग्रह

जुने रीळ हाती आले की नवखा संग्राहक आधी त्यावरचे नाव वाचतो आणि बहुधा तिथेच थांबतो. माझ्या मते नाव सर्वांत शेवटी वाचावे. ब्रिटनमध्ये अनेक दुकानदार दुसऱ्याच कारखान्यात तयार झालेल्या रिळांवर स्वतःच्या दुकानाचे नाव ठोकून विकत असत, आणि एखादे प्रसिद्ध नाव मागाहून कोरणे आजही अशक्य नाही. याउलट स्क्रू, काठीवर बसणारा पाय आणि आतली टिकटिक करणारी यंत्रणा या गोष्टी सहसा कोणी बदलत नाही, आणि बदलल्या तर ते लपत नाही.

प्रथम स्क्रू पाहावेत. अधिक चिन्हाच्या खाचेचे, म्हणजे फिलिप्स पद्धतीचे स्क्रू १९३० च्या दशकात वापरात आले. त्यामुळे १९१० सालचे म्हणून दाखवलेल्या रिळात असा स्क्रू दिसला, तर ते कधीतरी उघडून दुरुस्त केलेले आहे हे निश्चित समजावे. सरळ खाचेच्या स्क्रूंच्या कडा उडालेल्या असतील, तर आत कोणीतरी बेताच्या पेचकसाने हात घातला आहे.

पेटंटचा मजकूर काळ ठरवायला उपयोगी पडतो, पण तो सावधपणे वाचावा लागतो. ब्रिटनमध्ये १९१६ पूर्वी दरवर्षी पेटंटचे क्रमांक नव्याने सुरू होत. त्या वर्षापासून एकच सलग मालिका १,००,००१ पासून सुरू झाली. म्हणून ब्रिटिश रिळावर सहा आकडी पेटंट क्रमांक असेल, तर ते त्यानंतरचेच. अमेरिकेत क्रमांक १८३६ पासून सलग आहेत आणि दहा लाखावे पेटंट १९११ मध्ये दिले गेले. मात्र पेटंटची तारीख म्हणजे निर्मितीची तारीख नव्हे. व्हरमाँटमधील मँचेस्टर गावच्या चार्ल्स ऑर्व्हिस यांना १२ मे १८७४ रोजी ज्या रिळाचे पेटंट मिळाले, ते पुढे कित्येक वर्षे तयार होत राहिले. त्याच्या बाजूच्या पत्र्यांना भोके होती. त्या काळचा रेशमी दोर ओला राहिला तर कुजत असे आणि भोकांतून वारा खेळल्यामुळे तो वाळत असे, ही त्यामागची सोय. भोके असलेले रीळ हलकेही होते, हा आणखी एक लाभ.

इंग्लंडच्या नॉर्थम्बरलँडमधील ॲनिक येथील हार्डी ब्रदर्स या कंपनीचे ‘परफेक्ट’ हे रीळ पारख शिकण्यासाठी सर्वांत चांगले, असे मला वाटते. १८८८ मध्ये पेटंट झालेले आणि १८९१ पासून बाजारात आलेले हे रीळ बॉल बेअरिंगवर फिरते. सुरुवातीची रिळे पूर्ण पितळी होती, पुढे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या चौकटीवर पितळी दर्शनी पत्रा आला आणि शेवटी पितळ मागे पडले. पायाचाही असाच क्रम आहे: आधी गुळगुळीत पितळी पाय, मग खाचा असलेला पितळी पाय, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर हलक्या मिश्रधातूचा. आतल्या खिटीची आणि स्प्रिंगची रचनाही अनेकदा बदलली. संग्राहक तिला ‘चेक’ म्हणतात आणि १९१२ चा चेक, पुढचा ‘मार्क टू’ चेक अशा नावांनी कालखंड सांगतात. चौकटीच्या आत बारीक अक्षरे ठोकलेली दिसली, तर ती बहुधा जुळणी करणाऱ्या कारागिराची आद्याक्षरे असतात. पाय एका काळाचा आणि चेक दुसऱ्याच काळाचा निघाला, तर दोन रिळांचे भाग जोडून एक केले असावे अशी शंका घ्यावी आणि हार्डींच्या त्या त्या वर्षाच्या कॅटलॉगमधील चित्राशी ताडून पाहावे.

पाय कानशीने घासलेला आहे का, हेही नीट पाहावे. काठ्यांच्या बैठका निरनिराळ्या मापांच्या असल्यामुळे मालक पायाची टोके घासून बसवत. रीळ चालायला त्याने काही बिघडत नाही, पण किंमत बरीच उतरते, आणि भर घालून केलेली दुरुस्ती डोळ्यांना लगेच खटकते. हार्डींच्याच १९११ च्या ‘सेंट जॉर्ज’ रिळाच्या दोराच्या वाटेवर अकीकाचे कडे असते. त्याला केसासारखी तडा गेली आहे का, हे भिंगाखाली तपासावे.

ॲनिकबाहेरचे जगही मोठे आहे. नॉटिंगहॅमची अक्रोडाच्या किंवा महोगनीच्या लाकडाची रिळे सुंदर असतात. लाकूड वाकू नये म्हणून त्यांच्या पाठीला चांदणीच्या आकाराची पितळी पट्टी असे. स्कॉटलंडमधील पर्थच्या पीटर मॅलॉक यांनी १८८४ मध्ये दोर फेकण्याच्या वेळी स्पूल, म्हणजे दोर गुंडाळायचा भाग, काटकोनात वळेल असे रीळ काढले. इंग्लंडमधील ब्रॅडफर्डच्या कापड धंद्यातील आल्फ्रेड इलिंगवर्थ यांनी १९०५ मध्ये न फिरणाऱ्या स्पूलच्या रिळाचे पेटंट घेतले; गिरणीतल्या बॉबिनच्या टोकावरून सूत सुटते, तसाच त्यात दोर सुटतो. अमेरिकेत केंटकीच्या घड्याळजींनी घडवलेली रिळे अतिशय महाग आहेत, म्हणून नवख्याने त्यांच्या वाटेला जाऊ नये. फ्रान्सच्या क्लूझ या घड्याळांच्या गावातील ‘मिचेल’ किंवा स्वीडनच्या आबू कंपनीचे ‘अँबॅसडर’ घेऊन सुरुवात करावी. ती भरपूर मिळतात आणि उघडून शिकता येतात.

आपल्याकडेही अशी रिळे अधूनमधून सापडतात, कारण ब्रिटिश अंमलदार आणि मळेवाले महाशीर, म्हणजे आपला खडस, गळाला लावण्यासाठी ती बरोबर आणत. मुंबईच्या चोर बाजारात शोधताना खिशात छोटे लोहचुंबक ठेवावे. पितळी म्हणून सांगितलेल्या भागाला ते चिकटले, तर वरचा पिवळा रंग फसवा आहे.

रीळ घरी आल्यावर आपल्या घरातील सवयीने त्याला चिंच किंवा राख लावून घासू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. हार्डींनी पितळावर मुद्दाम काळसर झाक दिलेली असे. ती एकदा गेली की परत येत नाही आणि चकचकीत रिळाला जाणता ग्राहक कमी भाव देतो. कळंक असेल तेवढ्याच जागी मऊ लाकडी काडीने तो काढावा. खोबरेल तेल थंडीत गोठते, म्हणून ते टाळावे आणि शिलाई यंत्राच्या तेलाचे दोन-तीन थेंब पुरे मानावेत. कोकणच्या दमट हवेत रीळ मूळच्या चामडी पेटीत कायम ठेवू नये, कारण चामडे ओल धरते आणि पितळ हिरवे पडते. पेटी वेगळी जपावी, रीळ स्वच्छ सुती कापडात गुंडाळून सिलिका जेलच्या पुड्यांसह कपाटात ठेवावे, आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा बाहेर काढून स्पूल हाताने फिरवून खिटीची टिकटिक एकसारखी येते का ते ऐकावे.