आसामचा बारका पाळताना: झाकण, हिवाळा आणि प्रवासाची पिशवी

चन्ना बारका हा आपल्या मरळीच्याच कुळातला शिकारी मासा. घर ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातल्या पाणथळ जागांत, काठालगतच्या बिळांत. निसर्ग-अभ्यासक फ्रान्सिस हॅमिल्टनने १८२२ साली त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. मराठीत ‘बारका’ म्हणजे लहान, पण हा मासा पूर्ण वाढला की दोन फुटांच्या पुढे जातो. म्हणून चार इंचांचं पिल्लू बघून टँक घेऊ नका, मोठ्या माशाचा हिशोब धरूनच घ्या.

मरळीच्या कुळातले मासे पृष्ठभागावर येऊन हवेतून श्वास घेतात. त्यामुळे पाण्यात ऑक्सिजन कमी पडून ते सहसा मरत नाहीत. ते मरतात उडी मारून बाहेर पडल्याने, उन्हाळ्याच्या गरम पाण्याने आणि प्रवासात साठलेल्या अमोनियाने. पुढची सगळी काळजी या तीन गोष्टींभोवती फिरते.

टँक

एका मोठ्या बारकासाठी ६ × २.५ × २ फूट, म्हणजे साधारण ८५० लिटर. पाण्याचंच वजन ८५० किलो होतं, काच आणि स्टँड वेगळे. वरच्या मजल्यावर ठेवणार असाल तर जागा भिंतीलगत, बीमजवळ निवडा आणि माहीतगाराला दाखवून घ्या. एवढी जागा नसेल तर याच भागातला चन्ना ऑरँटिमाक्युलाटा बघा. तो साधारण ४० सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि ४ × २ × १.५ फुटांच्या टँकमध्ये (३४० लिटर) नीट राहतो. मरळी पहिल्यांदाच पाळणाऱ्याने त्याच्यापासून सुरुवात केलेली बरी.

पाणी काठोकाठ भरू नका. वर ८ ते १० सेंटिमीटर हवा हवीच, कारण तीच माशाची श्वास घ्यायची जागा. झाकण पूर्ण बंद होणारं आणि जड असावं. मासा नाकाने ढोसून झाकण उचलतो, म्हणून कोपऱ्यांवर वजन किंवा क्लिप लावा. सगळ्यात जास्त मासे जातात ते फिल्टरच्या पाइपसाठी कापलेल्या फटीतून. डोकं शिरेल एवढी फट असली की अख्खा मासा बाहेर येतो. तिथे स्पंजचा तुकडा घट्ट कोंबा. रात्री दिवा अचानक लावला तरी मासा दचकून उसळतो, तेव्हा आधी खोलीतला दिवा लावा, टँकचा नंतर.

लपायला त्याच्या जाडीपेक्षा थोडा रुंद पीव्हीसी पाइप आणि वर तरंगती झाडं द्या. मासा एकटाच ठेवा. जोडी म्हणून विकलेले दोन मासे महिनाभर गुण्यागोविंदाने राहतात आणि एका रात्रीत एकाच्या परांच्या चिंध्या होतात.

पाणी

पीएच ६.५ ते ७.२, पाणी मऊ (म्हणजे क्षार कमी असलेलं), अमोनिया आणि नायट्राइट शून्य. आठवड्याला ३० टक्के पाणी बदला. नळाच्या पाण्यातला क्लोरीन घालवायला १०० लिटरला १ ग्रॅम सोडियम थायोसल्फेट पुरतं. मुंबई-कोकणात रस्तोरस्ती देशी बदामाची (टर्मिनालिया कटाप्पा) झाडं आहेत. त्यांची आपोआप गळलेली, तांबूस वाळलेली पानं धुऊन ४० ते ५० लिटरला एक या प्रमाणात टाका. पाण्याला चहासारखा रंग येतो आणि मासा कमी बुजतो. फवारणी होते त्या झाडाची किंवा गटाराकडेची पानं घेऊ नका.

वीज गेली तर मासा तग धरतो, पण कॅनिस्टर (बंद डब्याच्या) फिल्टरमधले, अमोनिया निकामी करणारे जिवाणू मरतात. फिल्टर पाच-सहा तास बंद राहिला असेल तर वीज आल्यावर तसाच सुरू करू नका. आतलं कुजकट पाणी ओतून टाका, फिल्टरमधलं माध्यम (स्पंज, दगडगोटे वगैरे) टँकच्या पाण्यात खंगाळा, मग जोडा.

हिवाळा द्यावाच लागतो

वर्षभर २८ अंशांवर ठेवलेला बारका जोमाने खातो, वाढतो, म्हणून सगळं छान चाललंय असं वाटतं. पण हा आसामचा मासा. थंडीत तिथलं पाणी गार होतं, त्याचं खाणं-हिंडणं मंदावतं, आणि त्याच्या शरीराला ती विश्रांती लागते. उन्हाळ्यात २४ ते २७ अंश आणि डिसेंबर ते फेब्रुवारी १६ ते १९ अंश हे धोरण ठेवा. पारा आठवड्याला दोन अंशांपेक्षा जास्त उतरवू नका. गारव्यात दहा दिवसांतून एकदा थोडंसं खाणं पुरे, कारण थंडीत पचन मंदावतं आणि पोटातलं अन्न कुजतं.

पुणे-नाशिककडे हीटर काढून टँक खिडकीपाशी ठेवला की बरंचसं काम होतं. मुंबईत मात्र चिलरशिवाय (पाणी गार करणाऱ्या यंत्राशिवाय) हे जमणं अवघड. पाण्यावर वारा सोडणारा पंखा नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात पाणी चांगलं गार करतो, पण मुंबईच्या दमट हवेत बाष्पीभवनच कमी होतं, तिथे त्याच्यावर विसंबू नका. चिलरचा खर्च झेपणार नसेल तर मुंबईत हा मासा घेऊ नये, हे आमचं ठाम मत आहे.

खाणं

गांडूळ, सालासकट कोळंबी, पाळलेले क्रिकेट (रातकिडे). मोठ्या माशाला आठवड्यातून दोनदा, पोट किंचित फुगेल एवढंच. जिवंत गोल्डफिश टाकणं बंद करा. त्यांच्यासोबत परजीवी येतात, शिवाय त्यांच्या मांसात थायमिनेज असतं. ते ब-१ जीवनसत्त्व नष्ट करतं आणि काही महिन्यांनी मासा गिरक्या घेऊ लागतो. गोठवून थायमिनेज जात नाही. मटणाचे तुकडेही नकोत, ती चरबी माशाला पचत नाही.

घेण्याआधी

बिळं उपसून पकडलेले मासे बाजारात येतात. काझीरंगासारख्या राष्ट्रीय उद्यानातून मासा धरणं बेकायदा आहे, म्हणून मासा कुठून आला हे विचारा आणि टँकमध्ये जन्मलेलाच घ्या. परदेशात असाल तर आधी तिथला कायदा बघा. अमेरिकेने २००२ मध्ये मरळीचं संपूर्ण कूळच उपद्रवी ठरवलं, त्यामुळे तिथे हे मासे आयात करता येत नाहीत. पाळणं जमेना म्हणून बारका आपल्या ओढ्यात किंवा धरणात कधीही सोडू नका. बाहेरून आलेला असा शिकारी सह्याद्रीतल्या छोट्या माशांच्या जिवावर उठू शकतो.

पाठवणी

योग्य काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एप्रिल-मेमध्ये विमानतळाच्या तापलेल्या फरशीवर तासभर पडलेली पेटी म्हणजे शिजलेला मासा. पावसाळ्यात आसामात पूर असतो आणि वाहतुकीचा भरवसा नसतो. जिवंत प्राणी म्हणून नोंद करून विमानाच्या कार्गोनेच पाठवा. ‘प्लास्टिकचं सामान’ असं लिहून कुरिअरने पाठवलेली पेटी कुणी सावलीत ठेवत नाही, आणि मासा मेला तर दाद मागायला जागा उरत नाही.

मोठ्या माशाला पाठवण्याआधी पाच दिवस उपाशी ठेवा. विष्ठा पिशवीत पडली की अमोनिया झपाट्याने चढतो. विक्रेता ‘काल भरपूर खायला घातलंय’ असं कौतुकाने सांगत असेल तर पाठवणी पुढे ढकला.

पिशवी माशाच्या दीडपट लांब हवी. एकात एक तीन पिशव्या, पहिल्या दोघींच्या मध्ये वर्तमानपत्राचे थर, आणि कोपरे दुमडून टेपने बंद, म्हणजे मासा कोपऱ्यात अडकत नाही. पाणी फक्त पाठीवर चार-पाच सेंटिमीटर येईल एवढं. बाकी साधी हवा, किमान दोन तृतीयांश. काठोकाठ पाणी भरलेल्या पिशवीत हा मासा बुडून मरतो. त्याच कारणाने लवंगतेल किंवा गुंगीचं कुठलंही औषध नको. गुंगीतला मासा श्वासासाठी वर येऊ शकत नाही. एका पिशवीत एकच मासा. पिशवी थर्माकोलच्या पेटीत आडवी ठेवा. गारव्यासाठी जेल पॅक कागदात गुंडाळून झाकणाला आतून चिकटवा, पिशवीला टेकू देऊ नका.

पेटी आल्यावर

पेटी अंधाऱ्या खोलीत उघडा. पिशवी न उघडता आधी व्हिडिओ घ्या, मग ती बंदच ठेवून क्वारंटाइन टँकमध्ये (नवा मासा काही आठवडे वेगळा ठेवायच्या टँकमध्ये) अर्धा तास तरंगत ठेवा. तापमान जुळेपर्यंतच, त्याहून जास्त नाही.

पुढचा भाग नीट समजून घ्या. प्रवासात माशाने सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे पिशवीतल्या पाण्याचा पीएच खाली येतो, त्यामुळे साठलेला अमोनिया बराचसा निरुपद्रवी रूपात राहतो. पिशवी उघडताच तो वायू उडून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. उघड्या पिशवीत तासभर थेंब-थेंब पाणी सोडत बसणं म्हणजे माशाला त्याच विषात ठेवणं. पिशवी उघडली की ओल्या हातांनी मासा उचलून लगेच टँकमध्ये सोडा. पिशवीतलं पाणी ओतून द्या.

क्वारंटाइन टँकमध्ये पहिले २४ तास पाणी १५ सेंटिमीटरच ठेवा. थकलेल्या माशाला वर यायला फार पोहावं लागू नये. झाकण इथेही हवंच, पहिली रात्र उडीची असते. गुदद्वारातून लाल धाग्यासारखे जंत लोंबताना दिसले तर लेव्हामिसोल हे जंतांचं औषध लिटरला २ मिलिग्रॅम, २४ तास, आणि नंतर मोठं पाणी बदल. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा एकदा. चार आठवडे मासा इथेच राहू द्या.

तीन दिवस खायला काही नको. चौथ्या दिवशी संध्याकाळी, दिवे मंद करून, एकच गांडूळ चिमट्याने समोर धरा. दहा मिनिटांत घेतलं नाही तर काढून घ्या आणि दोन दिवसांनी पुन्हा धरा.