झोआंथिडवरची कीड: डिपने गोगलगाय मरते, अंडी मरत नाहीत

खाऱ्या पाण्याच्या टँकमधल्या झोआंथिडचा (फुलांसारखे दिसणारे, प्रवाळांच्या नात्यातले प्राणी; थोडक्यात झोआ) गुच्छ तीन-चार दिवस उघडला नाही की सल्ले सुरू होतात. प्रवाह बदला, प्रकाश कमी करा, आयोडीन टाका. पाण्याच्या चाचण्या ठीक येत असतील, शेजारचे मशरूम कोरल मस्त फुललेले असतील आणि फक्त झोआच मिटून बसले असतील, तर पाण्याला हात लावू नका. कीड शोधा. रोज नवा उपाय करत बसलात तर तेवढ्यात निम्मा गुच्छ फस्त होतो.

मी इथे झोआंबद्दलच लिहितो आहे. दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ आणि सी फॅन २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. आपल्याकडे ते घरच्या टँकसाठी विकत घ्यायचा विचारही करू नका, दुकानदार काहीही सांगो. झोआ मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी सहज दिसतात. तेही तिथेच राहू द्या.

किडा कोणता ते आधी बघा

टँकचे दिवे बंद झाल्यावर तासाभराने लाल उजेडाची बॅटरी घेऊन बसा. पांढऱ्या उजेडात सगळे लपतात. तपकिरी-पांढऱ्या चौकटींची चपटी, गोल शंखाची गोगलगाय दिसली तर ती सनडायल. चिमट्याने उचला, पुढच्या काही रात्री पुन्हा बघा, काम झाले. काचेच्या नळीसारखा देठ आणि वर झुपकेदार तोंड असलेले एप्टेसिया नावाचे समुद्रफूल ओरबाडू नका, त्याच्या प्रत्येक तुकड्यातून नवे उगवते. त्याला खाणारी पेपरमिंट कोळंबी टँकमध्ये सोडा. इकडेतिकडे पळणारे ॲम्फिपॉड (कोळंबीसारखे बारीक जीव) बहुतेक वेळा निर्दोष असतात. मेलेला भाग खायला आलेले असतात आणि आळ त्यांच्यावर येतो.

खरा शत्रू म्हणजे झोआ खाणारा न्यूडिब्रँक. ही बिनशंखाची समुद्री गोगलगाय आहे. पाठीवर बोटांसारखे उंचवटे असतात आणि ती ज्या झोआंवर जगते त्यांचाच रंग अंगावर घेते. हिरव्या झोआंवरची हिरवट, गुलाबीवरची गुलाबी. मिटलेल्या पॉलिपच्या (गुच्छातल्या एकेका झोआच्या) कडेला ती बसली असेल तर भिंगातूनही एक जास्तीचा पॉलिप वाटतो. म्हणून एका जागी नजर लावून थांबा. पॉलिप जागचा हलत नाही, ही सरकते.

डिप

डिप म्हणजे गुच्छ औषधाच्या पाण्यात बुडवून कीड मारणे. हा भाग सोपा आहे. टँकचेच पाणी एका डब्यात घ्या, बाजारातले कुठलेही चांगले कोरल डिप बाटलीवरच्या प्रमाणात मिसळा, दिलेला वेळ पाळा आणि त्या वेळात पिपेटने गुच्छावर सारखे फवारे मारत राहा. मग स्वच्छ खाऱ्या पाण्याच्या दोन डब्यांत धुवा. डिपचे पाणी टँकमध्ये परत ओतायचे नाही. मे महिन्यात मुंबईत उघड्या डब्यातले पाणी बघता बघता तापते, तेव्हा चिलरवरच्या (पाणी थंड ठेवणाऱ्या यंत्रावरच्या) टँकमधून पाणी ऐन वेळी काढा.

शेतीच्या कीटकनाशकात कोरल बुडवा, असेही सांगितले जाते. करू नका. त्याचा अंश टँकमध्ये गेला तरी कोळंबी आणि खेकडे मरतात, आणि अंडी तशीच राहतात.

अंडी: सगळी कसोटी इथेच

डिपनंतर डब्याच्या तळाशी मेलेल्या गोगलगायी दिसतात, झोआ दोन दिवसांत उघडतात आणि माणूस खूश होऊन फ्रॅग (गुच्छाचा तो तुकडा) परत टँकमध्ये ठेवतो. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तेच. मग डिप कुचकामी ठरते, दुकानदाराला शिव्या पडतात. डिपने त्याचे काम केलेले असते. अंड्यांभोवती चिकट आवरण असते आणि त्यातून औषध आत जात नाही. मलाही सगळ्यात जास्त या अंड्यांनीच छळले आहे, म्हणून इथे घाई करू देणार नाही.

अंडी शोधायची ती पॉलिपच्या टोपीवर नाही, खाली. देठांच्या मुळाशी, दोन देठांच्या बेचक्यात, प्लगच्या (गुच्छ चिकटवलेल्या छोट्या बैठकीच्या) खालच्या बाजूला, गोंद आणि प्लग यांच्या फटीत. दिसायला पांढुरका, काही मिलिमीटरचा वेटोळा, इवलीशी जिलबी चिकटवल्यासारखा. नुसत्या डोळ्यांनी तो वाळूचा कण वाटतो. भिंग आणि तिरपा उजेड हवाच.

वेटोळे बारीक चिमट्याने किंवा ब्लेडच्या टोकाने अखंड उचलायचे. जमत नसेल तर मऊ टूथब्रश. पण हे सगळे डब्यातल्या पाण्याखाली करायचे, आणि याबाबत माझ्याशी वाद घालू नका. झोआंच्या काही जातींत, विशेषतः पॅलिथोआत, पॅलिटॉक्सिन नावाचे अत्यंत जहाल विष असते. पाण्याबाहेर ब्रश मारला की तुषार डोळ्यांत आणि नाकात जातात. हातमोजे आणि गॉगल घाला, हातावर जखम असेल तर ते काम दुसऱ्या दिवसावर टाका. आणि कीड मारायला खडक उकळायचा किंवा त्यावर गरम पाणी ओतायचे हा सल्ला कोणी दिला तर त्याचे पुढचे काहीही ऐकू नका. त्या वाफेने घरातली माणसे इस्पितळात गेलेली आहेत. काम करताना तोंडात कडवट किंवा धातूची चव आली, श्वास जड झाला, डोळे चुरचुरू लागले, तर लगेच डॉक्टर गाठा आणि पॅलिटॉक्सिनचे नाव सांगा.

जमेल तिथे जुना प्लग टाकूनच द्या. गुच्छ हलकेच सोडवून नव्या प्लगवर चिकटवा. अर्धी अंडी त्या प्लगबरोबरच जातात.

इतके करूनही काही वेटोळे सुटतातच. म्हणून फ्रॅग वेगळ्या टँकमध्ये ठेवा आणि दर पाच ते सात दिवसांनी डिप करा, प्रत्येक वेळी भिंगाने पुन्हा तपासा. अंडी साधारण आठवडाभरात फुटतात, थंड पाण्यात उशिरा. बाहेर आलेली पिल्ले मोठी होऊन स्वतः अंडी घालण्याआधी डिपमध्ये सापडली पाहिजेत. अंतर एवढे कमी ठेवायचे ते यासाठीच. एखादा आठवडा चुकला तर मोजणी पहिल्यापासून. सहा आठवड्यांच्या आत मी एकही फ्रॅग परत आणत नाही, आणि शेवटच्या दोन तपासण्यांत एक जरी अंड्याचा वेटोळा दिसला तरी मुदत वाढते.

मुख्य टँकचे काय?

त्या काळात मुख्य टँकमध्ये एकही झोआ ठेवू नका. हे न्यूडिब्रँक झोआंवरच जगतात, खायला मिळाले नाही की उपाशी मरतात. झोआ मोठ्या खडकावर पसरले असतील तर खडकासकट बाहेर काढा. तो निघण्यासारखाच नसेल तर रोज रात्री बारीक नळीने गोगलगायी सायफन करून काढत राहा, पण हे काम महिनोन् महिने चालेल हे आधीच समजून घ्या. सिक्सलाइन किंवा मेलान्युरस रॅस मासे फिरत्या गोगलगायी टिपतात, त्यांची मदत जरूर घ्या. देठाच्या बेचक्यातली अंडी मात्र तुम्हालाच काढावी लागतील.

यापुढे विकत घेतलेला प्रत्येक फ्रॅग, ‘डिप करून दिलाय’ असे कितीही ठामपणे सांगितले तरी, आधी त्याच वेगळ्या टँकमध्ये जाईल. त्या टँकचा पिपेट, चिमटा आणि जाळी मुख्य टँकमध्ये वापरू नका. हँडलला रंगीत टेप लावून ठेवली की घरातल्या दुसऱ्या कोणाकडूनही अदलाबदल होत नाही.