स्क्रीन काळी, पंखा मात्र चालू

बटण दाबलं की दिवा लागायचा, पंखा घरघरायचा, पण लॅपटॉपची स्क्रीन काळीठिक्कर. नव्या स्क्रीनचा खर्च मी मनात धरूनही टाकला होता. ऑनलाइन विचारलं, तर एकाने आधी बाहेरचा मॉनिटर जोडायला सांगितलं. तोही कोरा. म्हणजे स्क्रीन बिचारी निर्दोष! मग चार्जर काढून पॉवरचं बटण ३० सेकंद दाबून धरलं. ढिम्म फरक नाही. कॅप्स लॉकचा दिवा ठरावीक लयीत लुकलुकतोय हे मी सगळ्यात शेवटी सांगितलं (आधीच सांगायला हवं होतं), तेव्हा तो बिघाडाचा इशारा असू शकतो म्हणत दुसऱ्याने लगेच रॅम (लॅपटॉपच्या तात्पुरत्या स्मृतीची पट्टी) तपासायला लावली.

लॅपटॉपच्या तळाचं झाकण उघडून बॅटरीची जोडणी सोडवली. रॅमच्या दोन्ही बाजूंच्या क्लिपा बाहेर ढकलल्या, तशी पट्टी टपकन तिरकी वर आली. तिच्या सोनेरी दातांवर धुरकट थर होता. पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने पुसला, चुरा झटकला, पट्टी तिरकी सरकवून खाली दाबली. क्लिक!

बॅटरी जोडून बटण दाबलं, तरी स्क्रीन काळीच. वैतागून बंद करणार होतो, पण रॅम पुन्हा बसवल्यावर पहिल्यांदा सुरू व्हायला वेळ लागू शकतो, घाई करू नका, असं बजावलेलं होतं. मिनिटभराने लोगो उगवला. झाकणाचा एक स्क्रू मात्र अजून सापडलेला नाही.