फाल्गुनात कुंडीतलं तण उपटण्याआधी

येऊरला पळस-पांगारा फुलतो, त्याच सुमारास ठाण्यातल्या गॅलऱ्यांत मोगऱ्याला पालवी फुटते आणि कुंड्या साफ करायला हात शिवशिवतात. उपटण्याआधी एकदा नीट बघा. बऱ्याचशा तणालाही याच दिवसांत फुलं असतात, आणि ती सुंदर असतात.

बघायची वेळ सकाळी नऊ ते अकरा. घोळीची इवली पिवळी फुलं तेवढ्या उन्हापुरतीच उघडतात. एकदांडीवर, म्हणजे दगडीपाल्यावर, दहापट मोठं दाखवणारं भिंग धरा. लांब दांड्यावरचं ते एक फूल नसतं, फुलांचा गुच्छ असतो. मधली प्रत्येक पिवळी नळी स्वतंत्र फूल, आणि कडेची फिकट पाकळीसुद्धा एक फूलच. तिच्या टोकाला बहुधा तीन दाते दिसतात.

घोळ भाजीसाठी खुडणार असाल तर आधी देठ मोडून बघा. पांढरा चीक आला तर ती घोळ नव्हे, नायटी. ती खायची नाही. घोळीतून पाण्यासारखा रस येतो. कुंडीत कीटकनाशक मारलं असेल तर घोळही नको.

आंबुशीची पानं कुरतडलेली दिसली तर राहू द्या. एका चिमुकल्या निळसर फुलपाखराची अळी तिच्यावर वाढते. मात्र तिच्या उभ्या शेंगा पिकण्याआधी कात्रीने कापा. पिकलेली शेंग हात लागताच फुटते आणि बी शेजारच्या कुंड्यांत उडतं. बारा इंची कुंडीत अशी दोन-तीन रोपं पुरेत, तीही मोगऱ्याच्या खोडापासून चार बोटं लांब. जागा असेल तर तणाला वेगळी पसरट कुंडी द्या, तेच उत्तम.

दोघांना मात्र थारा नको. लव्हाळा ओढला की पात हातात येते, गाठी मातीत राहतात आणि पुन्हा फुटतात. माती भिजवा, अर्ध्या तासाने खुरप्याने वीतभर खोल उकरून गाठी माळेसकट काढा. कंपोस्टमध्ये टाकू नका. गाजरगवत फुलण्याआधीच, हातमोजे घालून उपटा, कारण त्याने अंगाला खाज सुटते, पुरळ येतं.

मोगऱ्याची छाटणी राहिली असेल तर आताच एक तृतीयांश शेंडे कापा. कळ्या नव्या फुटीवर येतात. दोन मुठी गांडूळखत, रोज पाच-सहा तास ऊन. युरिया देऊ नका, नुसता पाला माजतो.